गार्ड काढलेला टेबल सॉ आणि बोस्टनचा निकाल : एक प्रकरण अभ्यास

मार्च २०१० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील संघीय न्यायालयात न्यायपंचांनी लाकडी फरशी बसवणाऱ्या एका कारागिराच्या बाजूने कौल देऊन त्याला १५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. रायोबी या नावाने विकल्या जाणाऱ्या एका लहान टेबल सॉवर, म्हणजे मेजातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवर, काम करताना त्याचा डावा हात पात्यात गेला होता. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने अपील केले; ऑक्टोबर २०११ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. या दाव्याची चर्चा तेव्हा बरीच झाली, पण ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरली. बोटाचा स्पर्श होताच पाते थांबवणारे तंत्र उपलब्ध असताना कंपनीने ते का वापरले नाही, हा तो प्रश्न. त्या यंत्रावर पात्याचा गार्ड, म्हणजे हात पात्यापासून दूर ठेवणारा संरक्षक जोड, नव्हताच, ही गोष्ट कंपनीने बचावासाठी पुढे केली आणि टीकाकारांनी कारागिराला दोष देण्यासाठी. मात्र गार्ड यंत्रावरून उतरतो कसा आणि पुन्हा चढत का नाही, याचा शोध फारसा कोणी घेतला नाही. प्रस्तुत लेखात त्याच बाजूने या प्रकरणाकडे पाहिले आहे. गार्ड निघतो तो कारागिराच्या बेफिकिरीमुळे कमी आणि कामाच्या क्रमामुळे जास्त, आणि म्हणून सुरक्षेची व्यवस्था त्या क्रमातच बसवावी लागते, असे माझे मत आहे. जखमी कारागिराचे नाव येथे दिलेले नाही. विषय समजून घेण्यासाठी त्याची गरजही नाही.

घटना

हा कारागीर एका कंत्राटदाराकडे लाकडी फरशीच्या दुरुस्तीचे आणि बसवणीचे काम करत असे. असे काम कारखान्यात होत नाही, ग्राहकाच्या घरी होते, त्यामुळे यंत्र गाडीत टाकून नेता येईल एवढे हलके असावे लागते. मालकाने घेतलेला टेबल सॉ त्याच प्रकारचा होता. किंमत १७९ डॉलर. त्यावर तो एक फळी लांबीच्या दिशेने चिरत होता. पहिल्या प्रयत्नात फळी थरथरू लागली, म्हणून त्याने थांबून यंत्र साफ केले आणि पुन्हा सुरुवात केली. थरथर तशीच राहिली. त्याने फळी अधिक जोराने पुढे ढकलली आणि त्याच वेळी डावा हात घसरून पात्यात गेला. पुढे त्या हातावर पाच शस्त्रक्रिया झाल्या आणि वैद्यकीय खर्च ३ लाख ८४ हजार डॉलरच्या वर गेला. तेवढ्या रकमेत तसली दोन हजारांहून अधिक यंत्रे आली असती.

अपघाताची एवढीच हकिकत. तिच्यात दारूच्या नशेचा, रात्रपाळीचा किंवा अननुभवी पोराचा उल्लेख नाही. रोजचे काम, रोजचे यंत्र, आणि अडलेली फळी जरा जोर लावून पुढे काढण्याची कोणाही सुताराची स्वाभाविक ऊर्मी, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

थरथर म्हणजे काय

अमेरिकेत सर्वाधिक चालणारी ओकची फरशीपट्टी साधारण सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड असते. ती लांबीने चिरायची म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम इंचभर लाकूड उरते, आणि हात कुठे ठेवायचा हा प्रश्न पहिल्याच क्षणी उभा राहतो. दहा इंचांचे पाते मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर, म्हणजे ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास होतो. पात्याला ४० दात असतील तर एका सेकंदात ३,००० दात एका ठिकाणावरून जातात. काहीतरी बिघडले हे लक्षात येऊन हात मागे घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि तेवढ्यात ६०० दात येऊन गेलेले असतात. ‘सावध राहा’ ही सूचना या आकड्यांपुढे किती तोकडी आहे, हे वेगळे सांगायला नको.

चिरताना फळी थरथरते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. पाते बोथट झालेले असेल, दातांवर राळ चिकटली असेल, फळी गाईडला, म्हणजे तिला सरळ नेण्यासाठी पात्याला समांतर बसवलेल्या आधाराला, सपाट टेकत नसेल किंवा मेजावर डुगडुगत असेल. अथवा लाकडातला अंतर्गत ताण मोकळा होऊन चिरलेली फट पात्याच्या मागे मिटू लागली असेल. या शेवटच्या शक्यतेचा धोका सर्वांत मोठा आहे. टेबल सॉचे पाते पुढच्या बाजूने खाली आणि मागच्या बाजूने वर येत असते. पुढचे दात लाकूड मेजावर दाबून धरतात, तर मागचे दात त्याला स्पर्श झाला की वर उचलतात. फट मिटून फळी मागच्या दातांना चिकटली, किंवा फळीचे मागचे टोक गाईडपासून किंचित सुटून पात्याकडे वळले, की ते दात तिला उचलून काम करणाऱ्याच्याच दिशेने फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. त्यात फळी पोटात बसते ही एक इजा झाली. दुसरी आणि अनेकदा अधिक गंभीर इजा अशी, की फळीवर दाब देऊन असलेल्या हाताखालचा आधार अचानक नाहीसा होतो आणि हात आपल्याच जोराने पात्यावर जातो.

जोर लावण्यातला धोका येथे स्पष्ट होतो. हळूहळू पुढे सरकणाऱ्या फळीवर हाताचा दाब बेताचा असतो आणि अडथळा सुटला तरी हात तिथेच राहतो. थरथरणाऱ्या फळीवर खांद्यापासून जोर लावला असेल, तर अडथळा सुटताच स्नायू सावरेपर्यंत हात काही इंच पुढे जातो. पाते नेमके त्या काही इंचांतच असते. त्यामुळे थरथर जाणवली की मोटर बंद करून, पाते पूर्ण थांबेपर्यंत फळी आहे तशीच धरून ठेवणे आणि मगच कारण शोधणे, हा एकच मार्ग उरतो. पाते फिरत असताना फळी मागे ओढणे हेही तितकेच वाईट, कारण त्यामुळे ती मागच्या दातांवर नेऊन ठेवल्यासारखे होते. बोस्टनच्या प्रकरणातला कारागीर पहिल्या वेळी थांबला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्याने यंत्र साफ केले, पण थरथरीचे मूळ तिथे नव्हते आणि दुसऱ्या वेळी कामाने त्याला पुढे रेटले.

गार्ड का उतरतो

त्या काळातल्या लहान टेबल सॉवर मिळणारा गार्ड तीन गोष्टींचा मिळून एकच जोड असे: पात्याच्या मागे उभी राहून फट उघडी ठेवणारी पट्टी, फळी मागे येऊ लागली तर तिला अडकवणारे दातेरी खटके, आणि वरून पाते झाकणारे पारदर्शक झाकण. कागदावर ही योजना उत्तम दिसते. अडचण अशी, की सुतार फळी आरपार चिरण्याखेरीज इतरही काप घेतो. खाच मारायची असेल, कडेला पायरी काढायची असेल किंवा फरशीपट्टीची जीभ बसवण्यासाठी खोबण करायची असेल, तर पाते लाकडाच्या वर येतच नाही. अशा वेळी मागची उभी पट्टी वाटेत येते आणि ती काढायची तर तिच्याबरोबर खटकेही निघतात आणि झाकणही निघते. ते पुन्हा बसवायला पाना लागतो, पट्टी पात्याच्या रेषेत आणावी लागते, आणि ती केसभर जरी तिरकी बसली तरी फळी तिच्यावर अडकते. अरुंद पट्टी चिरताना झाकण गाईडवर आपटते, तर भुशाने माखलेल्या प्लास्टिकमधून आखलेली रेघ दिसत नाही.

अशा गार्डचे पुढे काय होते, हे ज्याने महिनाभर यंत्र चालवले आहे त्याला विचारावे. एका खाचेसाठी तो सकाळी निघतो, पुढचे काम आरपार चिरण्याचे असते पण लगेच पुन्हा खाच मारायची असते, म्हणून तो मेजाखाली राहतो. संध्याकाळी यंत्र गाडीत चढते आणि गार्ड कोपऱ्यातल्या गोणीत जातो. या साखळीत कोणत्याही टप्प्यावर ‘मी गार्डशिवाय काम करणार’ असा निर्णय कोणी घेतलेला नसतो. चौकशी मात्र असा निर्णय झाला होता असे धरून चालते, आणि ‘गार्ड कोणी काढला’ एवढे विचारून थांबते.

याचे उत्तर यंत्राच्या रचनेतच आहे आणि ते फार महागही नाही. युरोपात अनेक वर्षे वापरात असलेला रायव्हिंग नाइफ हा पात्याच्या मागे उभा असलेला पोलादी पंखा, म्हणजे फट उघडी ठेवणारी पट्टी, पात्याबरोबरच वर-खाली होतो आणि पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहतो. त्यामुळे खाच मारतानाही तो काढावा लागत नाही. झाकण वेगळे असते. ते काढले तरी किकबॅक रोखणारा पंखा जागेवरच राहतो. अमेरिकेत नव्या रचनेच्या टेबल सॉवर २००८ पासून असा पंखा येऊ लागला, तोही मानके बदलल्यावर. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनानुसार हा पंखा मेजाच्या पातळीवर पात्याच्या दातांपासून ८ मिलिमीटरपेक्षा दूर असू नये. याची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी केलेल्या फटीपेक्षा कमी असावी लागते, कारण पत्र्याएवढा पातळ पंखा फट मिटू देतो आणि फटीपेक्षा जाड पंखा फळीच पुढे जाऊ देत नाही.

न्यायालयात

दाव्यातला मुख्य साक्षीदार स्टीफन गॅस हा होता. ओरेगॉन राज्यातल्या या पेटंट वकिलाने भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली आहे, आणि सुतारकाम हा त्याचा छंद. १९९९ मध्ये त्याला सुचलेली कल्पना अशी, की पात्यावर अतिशय सूक्ष्म विद्युत संकेत सोडून ठेवायचा. कोरडे लाकूड त्यात फारसा फरक पाडत नाही, पण पाण्याने भरलेले मानवी शरीर पात्याला टेकताच तो संकेत बदलतो. बदल जाणवताच स्प्रिंगने ढकललेला ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो, पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते आणि मेजाखाली जाते. बोट हळू पुढे येत असेल तर एवढ्या वेळात ते मिलिमीटर-दोन मिलिमीटरच सरकते आणि तुटण्याऐवजी ओरखड्यावर भागते. गॅसने हे तंत्र रायोबीसह अनेक कंपन्यांना दाखवले. परवान्याचे करार काही झाले नाहीत, आणि अखेर त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सॉस्टॉप नावाने स्वतःची यंत्रे बाजारात आणली.

कंपनीचा बचाव असा होता, की हे तंत्र बसवले तर हलके, स्वस्त, गाडीतून नेता येणारे यंत्र तसे राहणारच नाही. ते जड आणि महाग असे दुसरेच यंत्र होईल, आणि म्हणून फिर्यादीचा खरा आक्षेप या एका यंत्रावर नसून लहान टेबल सॉ या सबंध प्रकारावर आहे. अपील न्यायालयाने हे मान्य केले नाही. पर्यायी रचना जुन्याच किमतीत आणि जुन्याच वजनात बसली पाहिजे अशी अट नसून, किंमत, वजन आणि टळणारी इजा यांचे मोजमाप न्यायपंचांनी करायचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

न्यायपंचांनी कारागिरालाही ३५ टक्के जबाबदार धरले होते. मात्र मॅसेच्युसेट्स राज्याच्या कायद्यानुसार वस्तू वापरण्यास सुरक्षित असल्याची जी अध्याहृत हमी विक्रीबरोबर दिली जाते, तिच्या भंगाच्या दाव्यात वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा टक्का वजा होत नाही. म्हणून भरपाई पूर्ण मिळाली. अनेकांना हा निकाल अन्यायकारक वाटला: गार्ड काढायचा, हात कापून घ्यायचा आणि वर पैसेही घ्यायचे. मला तो तसा वाटत नाही, पण तो अपुरा वाटतो. शंभर टक्क्यांची वाटणी कारागीर आणि उत्पादक या दोघांतच झाली. तसले यंत्र विकत घेणारा, त्यावर कोणते काम करायचे हे ठरवणारा आणि गार्ड कुठे आहे हे कधीही न विचारणारा मालक या हिशेबात आलाच नाही, कारण अमेरिकी पद्धतीत त्याची जबाबदारी कामगार भरपाईच्या वेगळ्या रस्त्याने जाते.

पाते थांबवणाऱ्या तंत्राविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ते उत्कृष्ट आहे आणि ज्याला परवडते त्याने ते घ्यावे. पण किकबॅकमध्ये फेकली गेलेली फळी ते अडवू शकत नाही, आणि किकबॅकने हात वेगाने पात्यावर ओढला गेला तर पाच मिलिसेकंदांतही जखम खोल होते. म्हणजे रायव्हिंग नाइफचे काम त्याने होत नाही. शिवाय ओल्या लाकडाने संकेत बदलून पाते विनाकारण थांबू शकते आणि प्रत्येक वेळी ब्रेकचा ठोकळा आणि बहुधा पातेही निकामी होते, म्हणून ओल्या लाकडासाठी ही यंत्रणा तात्पुरती बंद करण्याची सोय यंत्रावर दिलेली असते. जुलैमध्ये रत्नागिरीच्या एखाद्या वखारीतून आलेला ओला फणस किंवा आंबा चिरायला घेतला, तर ती सोय दिवसभर चालूच ठेवली जाईल, याबद्दल मला शंका नाही. गार्ड मेजाखाली जातो आणि ही यंत्रणा बटणाने बंद होते; दोन्हींचे कारण एकच, कामाच्या मधे येणे.

महाराष्ट्रातल्या कार्यशाळेत हाच प्रसंग

आपल्याकडे १७९ डॉलरच्या त्या यंत्राची जागा जे घेते, ते बहुतेक वेळा दुकानात यंत्र म्हणून मिळतच नाही. फ्लॅटमध्ये फर्निचर करणारे सुतार प्लायवूडच्या तुकड्याला फट पाडतात, त्याखाली हाताने धरायचे कटर उलटे स्क्रूने बसवतात, त्याचा खटका प्लास्टिकच्या पट्टीने दाबून बांधून टाकतात आणि भिंतीवरच्या स्विचने ते चालू-बंद करतात. अनेकदा ते कटर मुळात टाइल्स आणि मार्बल कापण्यासाठी बनवलेले चार इंची असते. त्याचा वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास असतो आणि त्यावर लाकडाचे दातेरी पाते चढवलेले असते. आकाराने ते निरुपद्रवी दिसते, पण त्याच्या कडेचा वेग हिशेब केला तर सेकंदाला ६४ मीटरच्या आसपास, म्हणजे बोस्टनच्या यंत्रासारख्या दहा इंची पात्यापेक्षाही जास्त भरतो. उलटे बसवल्यावर त्याचा मूळ गार्ड मेजाखाली राहतो, पंखा नसतो, आणि हाताच्या पंजाजवळ उघडे पाते तेवढे वर येते. खटका बांधलेला असल्यामुळे वीज गेली आणि परत आली की ते आपोआप सुरू होते. दुपारचे भारनियमन असलेल्या गावात वीज कधी परत येईल आणि त्या क्षणी कोणाचा हात मेजावर असेल, हे सांगता येत नाही. कायम एका जागी बसवलेल्या मोठ्या यंत्राला नो-व्होल्ट कॉइल असलेला डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारी बटणांची डबी, असतो. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. उलट्या कटरसाठीही अशी सोय बाहेरून बसवून घेता येते, आणि जोपर्यंत सुतार ते वापरणार आहेत तोपर्यंत एवढी तरी असली पाहिजे.

कायद्याची भाषा या बाबतीत आपल्याकडे चांगली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ असे सांगत होते, की यंत्राच्या धोकादायक भागांचे संरक्षक नुसते पुरवून चालत नाहीत. ते सतत सुस्थितीत राखले पाहिजेत आणि तो भाग फिरत असताना जागेवर असले पाहिजेत. मेजाखालच्या गार्डला या भाषेत काहीच किंमत नव्हती. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असल्याशिवाय त्या अधिनियमाच्या व्याख्येत ते ठिकाण कारखाना ठरत नव्हते, आणि त्या अधिनियमाच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या व्यवसाय सुरक्षाविषयक संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. चार-सहा माणसांच्या फर्निचरच्या कार्यशाळेला निरीक्षकाचे दर्शन त्यामुळे घडत नाही.

भरपाईच्या बाबतीत चित्र बोस्टनपेक्षा वेगळे आहे. १९२३ च्या ज्या भरपाई कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, त्याच्या परिशिष्टात बोटांचे हिशेब दिलेले होते. एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईच्या क्षमतेत ५० टक्के घट, तीन बोटांना ३०, अंगठ्याला ३०, सबंध तर्जनीला १४ टक्के. तो कायदा असेही म्हणत होता, आणि नवी संहिताही म्हणते, की मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आलेले नसेल आणि कामगाराने सुरक्षा साधन जाणूनबुजून काढल्यामुळे इजा झाली असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. सुताराची तीन बोटे जाणे हे कायद्याच्या मोजमापात संपूर्ण अपंगत्व नसते. म्हणजे बोस्टनच्या कारागिराला ज्या गोष्टीसाठी ३५ टक्के दोष दिला गेला, तीच गोष्ट इथे मालकाला पूर्ण सुटका देऊ शकते. सगळे येऊन थांबते ते ‘जाणूनबुजून’ या अटीवर, आणि सकाळी खाचेसाठी निघालेला गार्ड संध्याकाळी पुन्हा बसवला नाही हे जाणूनबुजून ठरते का, हा प्रश्न कारागिराला हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत सोडवावा लागतो.

व्यवस्थेत बदलण्याजोगे

भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहून काही होत नाही हे सर्वांनाच माहीत आहे, तरी ते लिहिले जाते. वर सांगितलेल्या कारणांवर नेमके बोट ठेवणाऱ्या काही गोष्टी मात्र लहान कार्यशाळेतही करता येतात.

पहिली आणि सर्वांत मोलाची गोष्ट पंख्याची. आपल्याकडच्या अनेक जोडयंत्रांवर, म्हणजे ज्यात रंध्याच्या शाफ्टच्याच टोकाला गोल पाते बसवलेले असते अशा यंत्रांवर, पाते जागेवर राहते आणि मेज वर-खाली होते. ही रचना जुनी असली तरी या कामाला सोयीची आहे, कारण यंत्राच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेला पोलादी पंखा मेज कितीही हलवले तरी पात्यापासून त्याच अंतरावर राहतो. गावातला चांगला फॅब्रिकेटर असा पंखा एका दिवसात करून देऊ शकतो. बोल्टसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवावी, कारण पाते पाजळून पाजळून लहान होत जाते आणि पंखा पुढे सरकवावा लागतो. माथा पात्यापेक्षा किंचित खाली ठेवला की खाच मारताना तो काढण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट हाताच्या जागेची. ब्रिटिश मार्गदर्शन सांगते की कापाचे शेवटचे ३०० मिलिमीटर हाताने ढकलू नयेत, ढकलण्यासाठी काठी वापरावी. ही काठी प्रत्येकाला ठाऊक असते, पण लागेल तेव्हा ती मेजावर नसते, आणि हातात येईल ते फाटक्या टोकाचे लाकूड वापरले जाते. तिला खालच्या टोकाला जी चौकोनी खाच लागते ती पुरेशी खोल असावी. फळीच्या मागच्या कडेवर ती बसली म्हणजे काठी पुढे ढकलते आणि खालीही दाबते. नुसती टोकदार काठी फळी वर उचलू देते आणि मागच्या दातांना नेमके तेच हवे असते. सव्वादोन इंची पट्टीसारख्या अरुंद कामाला एक काठी पुरत नाही, दुसरी बाजूने दाब देणारी लागते. दोन्ही गाईडलाच खिळ्याने टांगलेल्या असाव्यात.

कपड्यांविषयी एवढेच, की फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. मोज्याचा एक धागा दातात अडकला तर पाठोपाठ बोट जाते. मनगटावरचा दोरा, कडे आणि गळ्यातला पंचा यांनाही हेच लागू.

यानंतर उरतो तो मूळ प्रश्न, की काही कापांसाठी झाकण खरोखरच काढावे लागते. ते काढू नका असे सांगणारा नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि एकदा मोडलेला नियम सगळ्याच नियमांची पत घालवतो. त्यापेक्षा झाकण काढणे हा कामाचा मान्य टप्पा मानावा आणि त्याला शेवट द्यावा. खाचेचे आणि पायरीचे सगळे काप एका बैठकीत उरकावेत, आरपार चिरण्याचे काम त्यांच्यात मिसळू नये, आणि स्टार्टरच्या डबीवर एक आकडा बसवून काढलेले झाकण तिथेच, हिरव्या बटणासमोर टांगावे. मोटर सुरू करायला हात पुढे गेला की झाकण बाजूला सारावे लागते, आणि या कापाला ते हवे की नको हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. या युक्तीची मर्यादाही आहे: झाकण टांगलेले दिसले म्हणजे ते आज बसवलेले नाही एवढे कळते, का बसवलेले नाही हे कळत नाही. म्हणून त्या डबीशेजारी खडूची पाटी असावी, तिच्यावर चालू असलेल्या कापाचे नाव आणि ज्याने झाकण काढले त्याचे नाव लिहावे, आणि तो काप संपल्यावर पाटी पुसण्याचे काम त्याच माणसाकडे राहावे. पाटी पुसलेली आणि झाकण अजून आकड्यावर, असे दिसले तर मिस्त्रीने यंत्र चालू होऊ देऊ नये.